सहावी पिन

गल्लीच्या तोंडाशी शिवणकामाचं दुकान आहे. त्यात दोन मशिनी, एक उभा आरसा आणि एक बिनडोक बाई. बिनडोक म्हणजे अक्षरशः. मानेच्या वर काही नाही, कमरेच्या खाली लाकडी दांडा. अर्धवट शिवलेला कपडा चढवून बघायचा तो पुतळा, पण दुकानात त्याला मावशी म्हणतात. आणि खोटं कशाला बोला, त्या दुकानात सगळ्यात समंजस तीच. कारण उरलेल्या दोघी सख्ख्या जावा, आणि नऊ वर्षं त्या एकमेकींशी एक अक्षर बोललेल्या नाहीत. जे सांगायचं ते मावशीला.

"मावशी, कात्रीला धार लावून आणलीय म्हणावं," थोरली म्हणणार.

"मावशी, जिभेला होती तेवढी पुरली नाही का विचारा," धाकटी म्हणणार.

मावशी दोन्हीकडून ऐकून घेते आणि पोटात ठेवते. पोटात भुसाच आहे.

भांडण कशावरून, तर बाह्यांवरून. थोरलीने एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. माणूस आहे, होतं. पण धाकटीने ते गिऱ्हाइकासमोर बोलून दाखवलं, तेही हसत. थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने त्याच गिऱ्हाइकासमोर धाकटीच्या तोंडाकडे बोट केलं आणि म्हणाली, "जिला स्वतःच्या तोंडाला बटण लावता येत नाही, तिने माझ्या बाह्या मोजू नयेत."

झालं. त्या दिवसापासून मावशीला नोकरी लागली. दोघींचे नवरे, म्हणजे दोघे भाऊ, सुरुवातीला मध्ये पडले. मग आपलेच दात नि आपलेच ओठ म्हणून बाजूला झाले, ते अजून बाजूलाच आहेत.

बटणाचा टोमणा वर्मी लागायला कारण होतं. धाकटीचं तोंड जन्मापासून मिटत नसे. मागच्या दाढा टेकल्या तरी पुढचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना भेटायचेच नाहीत, मध्ये करंगळी जाईल एवढी फट. थोरलीने त्या फटीचं नाव ठेवलं होतं लेटरबॉक्स. "मावशी, लेटरबॉक्सात आज काय टपाल?" असं ती रोज सकाळी कुलूप काढता काढता विचारायची.

गंमत अशी की त्या लेटरबॉक्सावरच दुकान चालत होतं. आरशापुढे गिऱ्हाइकाच्या अंगावर कपडा घालून पिना लावायच्या, हे या धंद्यातलं मानाचं काम. त्यांच्या सासूबाईंनी दुकान सुरू केलं तेव्हा नियम घालून दिला होता की हात कापडात, पिना तोंडात. आणि सहा घेतल्या तर सहा मोजून बाहेर, नाहीतर एखादी कपड्यात राहते आणि गिऱ्हाईक घरी जाऊन त्यावर बसतं. बाकीच्या शिंपिणी पिना ओठात धरतात. धाकटी त्या फटीत धरायची, सहाच्या सहा ओळीने, आणि जिभेच्या टोकाने एकेक पुढे ढकलायची. हात थांबायचे नाहीत, बोलणंही थांबायचं नाही. सासूबाई गेल्या तेव्हा आरसा धाकटीच्या वाट्याला आला तो यामुळे. थोरलीकडे काज, बटणं, दुमड आणि दोरा. दोरा ती कात्रीने कापतच नसे. दाताखाली धरायची आणि कच्च. नऊ वर्षं धाकटीने तो कच्च ऐकला. दिवसातून शंभरदा तरी. धाकटीला तेवढंच जमत नसे. पाव तोडायचा तरी हाताने, दोरा तर दूरच.

म्हणून एक दिवस तिने जबडा कापून घ्यायचं ठरवलं, असं थोरली गल्लीभर सांगते. ते अर्धंच खरं आहे. पुढचे दात काम करत नसल्यामुळे सगळा भार दाढांवर पडून त्या सपाट झाल्या होत्या. गार पाणी लागलं की मस्तकात जायचं. कानापाशी जबडा कटकट वाजायचा. पन्नाशीपर्यंत दाढा उरणार नाहीत, असं सर्जनने तोंडावर सांगितलं, तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. पण उरलेलं अर्धंही खरंच आहे. तारा लावून दात रांगेत आणायला दोन वर्षं गेली. थोरलीने त्यांना काटेरी कुंपण म्हटलं, आत काय पीक लावलंय असंही विचारलं. त्या दोन वर्षांत धाकटीने आरशात बघून एकच गोष्ट मनात घोकली. एक दिवस थोरलीच्या नाकासमोर दोरा धरायचा आणि कच्च.

सर्जनने वरचा जबडा कापून उचलला, खालचा कापून फिरवला, आणि दोन्हीकडे पट्ट्या-स्क्रू लावून बसवला. आतून उसवायचं, माप बदलायचं, परत शिवायचं. धाकटीला ते लगेच समजलं, तिच्याच धंद्यातली गोष्ट. सर्जनने आधीच बजावलं होतं की खालच्या जबड्यातून एक नस जाते, ती ओढली जाते, त्यामुळे खालचा ओठ, हनुवटी आणि खालचे दात काही महिने झोपतील. बहुतेकांचे जागे होतात. थोड्यांचे पूर्ण होत नाहीत. धाकटीने यातलं 'बहुतेकांचे' तेवढं ऐकलं.

आठ आठवडे ती घरी होती. तोंड उशीसारखं सुजलेलं, वरखाली रबर लावलेले, खाणं सगळं पातळ आणि तेही पिचकारीने. थोरली बघायला आली, कारण न आली असती तर गल्लीने नावं ठेवली असती. पलंगाशी उभी राहिली, धाकटीच्या नवऱ्याकडे बघून म्हणाली की तोंड अखेर बंद झालं, देवाघरी देर आहे, अंधेर नाही. आणि जाताना आरशाचं काम आपण बघू, काळजी नको, असंही म्हणाली. धाकटीला बोलता येत नव्हतं. तिने दात-ओठ खाल्ले असते, पण रबरामुळे दात उघडत नव्हते आणि ओठ कुठे आहे ते कळत नव्हतं.

सूज उतरली. फट गेली. पुढचे दात एकमेकांवर बसले, पेटीवर झाकण बसावं तसे. वरच्या दातांना दोन महिन्यांत जाण आली. खालचे मात्र गप्प. बोटाने हनुवटी चाचपली तर दुसऱ्या कुणाची चाचपल्यासारखी वाटायची. तिने गल्लीतल्या दाताच्या डॉक्टरला दाखवलं. त्याने कापसाचा बोळा गारेगार करून एकेका दाताला लावला आणि कळलं की हात वर करा म्हणाला. वरच्या ओळीला हात वर होत गेला. खालच्या सहा दातांना हात मांडीवरच. डॉक्टर म्हणाला, मेलेत बाई हे, सहाच्या सहा पोखरून नसा काढाव्या लागतील. धाकटीने तिथूनच सर्जनला गाठलं. सर्जनने मात्र फोनवर डॉक्टरलाच झापलं. दातांना रक्त मिळतंय, रंग बदललेला नाही, फक्त निरोप पोचत नाहीये. निरोप पोचत नाही म्हणून माणूस मेला असं धरायचं का? सहा महिने हात लावायचा नाही. सहा महिन्यांच्या तपासणीला बघू.

हे सगळं तिने घरात ठेवलं. दुकानात परत आली ती ताठ मानेने. तिसऱ्या दिवशी थोरलीची बर्फाच्या पाण्याची बाटली समोर होती. आधी धाकटीला त्या पाण्याच्या नुसत्या नावाने शहारा यायचा आणि थोरली मुद्दाम तिच्यासमोर बर्फ खळखळवायची. आता धाकटीने बाटली उचलली, पुढच्या दातांवरून घटाघट अर्धी रिकामी केली आणि मावशीला म्हणाली, "सांगा हो, दात म्हणजे आता लोखंड झालेत."

पाणी धाकटीच्या खालच्या ओठावरून ओघळून हनुवटीवर, हनुवटीवरून गळ्यात चाललं होतं, आणि धाकटी ते पुसत नव्हती. थोरली ते ओघळणं शांतपणे बघत राहिली. मग मावशीला म्हणाली, "लोखंड नव्हे हो, लाकूड. लोखंडाला गारठा तरी कळतो."

पकडली. पण धाकटी मागे हटणाऱ्यातली नाही. रुमाल कमरेला खोचला, तासातासाने हनुवटी पुसायची सवय लावून घेतली, आणि दहाव्या आठवड्यात आरशापुढे परत उभी राहिली. एक गिऱ्हाईक आलं होतं, बँकेतल्या मोठ्या बाई. फिका रेशमी गाऊन, कंबरेत सैल. धाकटीने सहा पिना तोंडात घातल्या. फट तर राहिली नव्हती, म्हणून बाकीच्या धरतात तशा ओठात. वरच्या ओठाला कळत होत्या, खालच्याला नाही. सर्जनने तोंडात दोराही नको, पिन तर नकोच, असं निक्षून सांगितलं होतं. मनगटाला बांधायची पिनांची गादी मिळते, ती तिने घेऊनही ठेवली होती. पण थोरली समोर दुमड घालत बसलेली, आणि त्या गादीला थोरली 'पांगळ्याची काठी' म्हणायची. तेव्हा ओठात.

पहिली, दुसरी, तिसरी. बाई बोलत होत्या, धाकटी हूं हूं करत होती. चौथी, पाचवी. कंबर छान बसली. ती उभी राहिली, जरा मागे सरकली, आणि बाईंच्या कमरेवर तांबडा ठिपका दिसला. तिने स्वतःची दहाही बोटं तपासली. कुठे काही नाही. दुसरा ठिपका पडला. बाईंनी आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "अहो, तुमच्या ओठातून पिन लटकतेय."

सहावी. ओठ मिटताना टोक आतून घुसलं होतं आणि ओठाला पत्ता नव्हता.

धाकटीने पिन उपटली, रुमाल लावला, आणि गाऊनकडे बघत उभी राहिली. फिकं रेशीम. त्यावर पाणी पडलं तर त्याचाही डाग पडतो, साबणाचं नाव नको. चालू असलेली एकुलती मशिन थांबली. थोरली उठली, बाईंना पडद्याआड नेऊन गाऊन उतरवून घेतला, आणि पांढऱ्या दोऱ्याचं हातभर वेटोळं धाकटीच्या तोंडात कोंबलं.

सासूबाईंनी दोघींना शिकवलेली ही गोष्ट. कापडावर रक्त सांडलं तर ज्याचं रक्त त्याचीच थुंकी. दोरा चघळायचा, ओला बोळा करायचा, आणि डाग ओला आहे तोवर टिपायचा. दुसऱ्याची थुंकी चालत नाही म्हणतात. खरंखोटं कुणी तपासलेलं नाही, पण त्या दुकानात पन्नास वर्षं डाग असाच गेलाय.

धाकटी चघळत होती. दोरा दातांत आहे की नाही तेही तिला कळत नव्हतं. नवीन दात, दोन वर्षं ज्यांच्याकडून एक कच्च हवा होता, ते पहिल्यांदा दोऱ्यावर आले होते आणि असे. थोरलीने तिच्या हनुवटीखाली तळहात धरला, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा, मावशीकडे न बघता, सरळ तिच्या डोळ्यांत बघून बोलली.

"थुंक."

धाकटी थुंकली. थोरलीने बोळा घेतला आणि टिपत बसली. दोन दोऱ्यांत दोन्ही डाग गेले. बाई काही न कळल्यासारखं करून गेल्या. बँकेतली माणसं आहेत, त्यांना सवय असते.

आणि मग थोरली मावशीकडे वळली. आवाज एकदम नेहमीचा. म्हणाली, "मावशी, जिला ओठातली पिन कळत नाही तिने आरशापुढे उभं राहायचं नाही. भाऊजी सांगत होते, सहा महिन्यांची तपासणी आहे ना? तोवर आरसा माझा. तोवर दातांना जाग आली तर घे म्हणावं परत. नाही आली तर कायमचा माझा. आणि तिच्या तोंडचं मी धरणार नाही. मला दिसलं पाहिजे."

धाकटीने रुमाल ओठावर दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने बटणांचा डबा आपल्याकडे ओढला.

त्यानंतरचे महिने तिने काज-बटणांत काढले. समोर थोरली गुडघ्यावर बसून ओठात पिना धरून गिऱ्हाइकांच्या कमरा टाचायची. वाईट टाचायची असं नाही. पण डावा खांदा थोडा उतरलेला असला तर तिच्या ध्यानात येत नसे. धाकटीला तो बारा हातांवरून दिसायचा. ती मावशीला सांगायची, "खांदा बघा म्हणावं." थोरली मावशीला सांगायची, "बटणं बघा म्हणावं." दोन गिऱ्हाइकं कपडे परत घेऊन आली. दोन्ही कपड्यांत तोच खांदा. धाकटीने उसवून परत शिवले आणि एक शब्द बोलली नाही. हे न बोलणं थोरलीला कुठल्याही टोमण्यापेक्षा जास्त लागलं, आणि धाकटीला ते ठाऊक होतं.

थोरलीने एक नवा रिवाज पाडला. रोज दुपारी जेवणानंतर बर्फाच्या पाण्याचा पेला भरायचा, मावशीच्या पायाशी ठेवायचा आणि म्हणायचं, "द्या हो तिला, तिला काय फरक पडतो." धाकटी उचलायची, पुढच्या दातांवरून प्यायची. रोज. थोरली रोज बघायची. गारठा कळल्याचं नाटक करता आलं असतं, शहारायला काय लागतं? पहिल्या आठवड्यात धाकटीने ते करूनही पाहिलं. खांदे उडवले, डोळे मिटले. थोरली म्हणाली, "मावशी, पाणी ओठाला लागायच्या आधीच शहारा आला की हो." पुन्हा तिने तो खेळ केला नाही.

पाचव्या महिन्यात हनुवटीवर मुंग्या चालायला लागल्या. हे तिने कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. मुंग्यांचा भरवसा काय? कधी ओठाच्या एका कोपऱ्यात वीज चमकावी तशी कळ जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठार. तपासणीला नऊ दिवस उरले. थोरलीने आरशाशेजारच्या खुंटीवरची धाकटीची मापाची टेप काढून तिच्या मशिनवर आणून ठेवली. टेप अशी ठेवली, की बोलायची गरजच पडू नये.

तपासणीला चार दिवस असताना दुपारी पेला आला. दुकानात बँकेतल्या बाईच होत्या, नवीन कोट घेऊन, आरशापुढे. थोरली त्यांच्यापुढे गुडघ्यावर, कंबर अर्धी टाचलेली, ओठात पुढच्या सहा पिना. पेला तिने आधीच भरून ठेवला होता, ओठ मिटलेले असल्यामुळे फक्त हनुवटीने मावशीकडे दाखवला. धाकटीने उचलला, तोंडाला लावला.

खालचा समोरचा डावा दात. आधी तो, मग त्याच्या शेजारचा, आणि मग सगळी ओळ. कुणीतरी जबड्यात सुई घालून टोकाला गाठ मारून ओढावी तशी कळ थेट कानात गेली. पेला खाली पडला. धाकटी गालावर हात दाबून वाकली, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि नाकातून एक विचित्र आवाज. बँकेतल्या बाई घाबरून वळल्या, पिना टोचल्या, तरी वळल्या.

थोरली आरशातून बघत होती. नाटक कुठलं आणि खरं कुठलं, ते महिनोन्महिने रोज बघणारीला सांगावं लागत नाही.

धाकटी सरळ झाली. डोळे पुसले नाहीत. तिच्या ओठावरून पाण्याचा थेंब ओघळत होता. तो अर्ध्या हनुवटीवर आला आणि तिने बोटाने टिपला. स्वतःहून, न बघता. थोरलीने तेही पाहिलं. मग धाकटीने मशिनच्या खणातून मनगटाची पिनांची गादी काढली आणि चालता चालता बांधली. दोन पट्टे, वर बटण. आरशापुढे येऊन ती थोरलीसमोर उभी राहिली, तळहात पसरून थोरलीच्या हनुवटीखाली धरला, आणि मावशीकडे न बघता म्हणाली,

"थुंक."

थोरलीच्या तोंडात पिना होत्या, उत्तर देण्याची सोय नव्हती. तिच्या कपाळावर शीर उभी राहिली. बँकेतल्या बाईंनी श्वास धरून ठेवला, एक तर या दोघींमुळे आणि दुसरं म्हणजे कमरेला टाचण्या होत्या म्हणून. एक पिन तळहातावर पडली. मग दुसरी. तिसरी, चौथी. पाचवीला बराच वेळ लागला.

धाकटीने हात हलवला नाही. तिने मोजलं होतं.

सहावी थोरलीने ओठाच्या कोपऱ्यात धरून ठेवली होती, बाहेर येणार नाही अशी दाबून. तिने धाकटीच्या नव्या दातांकडे पाहिलं, मग मनगटाच्या गादीकडे, मग पुन्हा दातांकडे. आणि थुंकली, जरा जास्तच जोरात.

धाकटीने सहाही पिना पुसून गादीत खोचल्या, गुडघ्यावर बसली, आणि बाईंचा डावा खांदा बघून म्हणाली की इथे अर्धा इंच घ्यावा लागेल.

थोरली आपल्या मशिनवर गेली. दोरा ओढला, दाताखाली धरला, आणि दुकानभर ऐकू जाईल असा कच्च.

"मावशी," धाकटी तोंड वर न करता म्हणाली, "म्हणावं, जपून. पक्के दात एकदाच येतात. कापून आणायचे तर सहा महिने जातात."